खुर्चीत कोण बसणार

आईच्या बोटांची टोकं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असायची. आमच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी कोळंबी सोलायची शेड होती. तिथे ती पहाटेपासून बर्फाच्या पाण्यात हात घालून बसायची. घरी येऊन भाकरी भाजताना तव्याचा चटका तिला कळायचा नाही, बोटं इतकी बधिर झालेली असायची. वडील बहरीनला होते. सलमाबादमधल्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायचे आणि दोन वर्षांनी एकदा घरी यायचे. मी नववीत असताना त्यांच्या कंपनीला टाळं लागलं. नवा व्हिसा येईपर्यंत ते घरी बसले आणि आम्ही सगळे आईच्या त्या बोटांवर जगलो.

त्या वर्षी माझा शाळेचा शर्ट म्हणजे वडिलांच्या कंपनीचा जुना शर्ट होता. आईने तो कापून लहान केला होता. छातीवरचं कंपनीचं नाव उसवून काढलं, पण सुईची भोकं तशीच दिसायची. उसवताना खिशाचा तळही सुटला होता.

शाळेत एक जादूगार आला. चमचमता कोट, घामाने ओली कॉलर. त्याला खेळासाठी एक पोरगा हवा होता. मुख्याध्यापकांनी माझा खांदा धरला आणि पुढे ढकललं. "जा, लाजतोस काय."

जादूगाराने माझ्या कानामागून लाकडी अंडं काढलं आणि माझ्या खिशात टाकलं. ते सरळ खालून बाहेर पडलं आणि सतरंजीवरून घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेलं. त्याने माईक तोंडाजवळ धरला. "बघा, याच्या खिशात अंडंसुद्धा टिकत नाही."

अख्खी शाळा हसली. मीही हसलो, खिशावर हात दाबून. त्या वयात आपल्यावर सगळे हसत असताना आपण एकट्याने न हसणं परवडत नाही.

जादू करणारे बहुतेक लोक सांगतात की लहानपणी एक खेळ पाहिला, थक्क झालो आणि वेड लागलं. माझं तसं काही झालं नाही. मला राग आला. ते अंडं कानामागे आलं कुठून हे मला शोधून काढायचं होतं, ते एवढ्यासाठीच की पुन्हा कोणी माझ्यावर तो खेळ करू नये. शोधता शोधता शिकलो. कॉलेजात असताना तालुक्याच्या गावी वाढदिवसांना खेळ करायला लागलो. तेव्हा नातेवाईक विचारायचे, "एवढं शिकून गारुडी होणार का रे?" मी बीएस्सी झालो, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे मी कोणी न विचारता सांगतो आणि सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. ज्या सलमाबादमध्ये वडील पत्रा वाकवायचे, त्याच सलमाबादमध्ये मी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून रुजू झालो. बायको सलमानियाच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. आम्ही हमद टाउनमध्ये राहतो. मुलगी आता चौदा वर्षांची आहे, आणि पुढची हकिकत तिच्यामुळेच लिहितो आहे.

इथे आपल्या लोकांचं एक मंडळ आहे. जानेवारीत एखादा शुक्रवार धरून क्लबचा हॉल घेतात आणि संक्रांतीचा कार्यक्रम करतात. बायकांचं हळदीकुंकू, लहान मुलांच्या शर्यती, जेवण आणि जेवणाआधी माझी जादू. बारक्या पोरांची मला कधी भीती वाटली नाही. त्यांना ते खरं असायला हवंच असतं. रुमाल गायब केला की ती टेबलाखाली वाकून बघतात. भीती वाटायची ती मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलांची. हाताची घडी, कानात काहीतरी खुपसलेलं.

तेव्हा कार्यक्रम सगळ्यांचा एकत्रच व्हायचा. दोन संक्रांतींपूर्वीची गोष्ट. मी लाल रुमाल मुठीत भरला, फुंकर मारली, मूठ उघडली. मागून एक मुलगा शांतपणे म्हणाला, "अंगठा बघा. खोटा आहे." तो खोटाच होता, खऱ्यावर चढवलेला, आणि रुमाल त्याच्या पोकळीत होता. बारकी पोरं माझ्या अंगठ्याकडे बघायला लागली. मला काही सुचायच्या आत मंडळाचे सेक्रेटरी स्टेजवर चढले आणि त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. "या मोठ्या मुलांना शिस्त म्हणून नाही. आईबाप पोटाला चिमटा घेऊन शिकवतात आणि ही अशी." मग त्या मुलाला नाव घेऊन पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर माझी माफी मागायला लावली.

त्याने मागितली. मला तो माईक सेक्रेटरींच्या डोक्यात घालावासा वाटला. पोराने बरोबर पाहिलं होतं. जे समोर दिसलं ते तो बोलला. चूक माझ्या खेळाची होती. दहा वर्षांच्या मुलाला फसवायची वस्तू मी सोळा वर्षांच्या मुलापुढे नाचवली होती आणि वर त्याने टाळ्या वाजवाव्यात अशी माझी अपेक्षा होती.

घरी येताना गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत होती. राऊंडअबाउटवर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "बाबा, प्लीज. माझ्या फ्रेंड्सना सांगू नको तू माझा बाबा आहेस म्हणून."

"त्यांना माहीत नाही?"

"नो. आणि कळायला पण नको."

बायको मागच्या सीटवर होती. ती काहीतरी बोलणार होती, मी आरशातून तिला नको म्हणून मान हलवली. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मुलीला माझी लाज वाटते यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचली. तिला माझ्याविषयी जे वाटत होतं, तेच मला त्या चमचमत्या कोटवाल्याविषयी वाटलं होतं.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर मी सेक्रेटरींकडे गेलो. हा गृहस्थ वाईट नाही, एका मोठ्या ऑफिसात अकाउंट्स बघतो, मंडळासाठी राबतो. पण मुलं म्हणजे स्टेजवर चढवायची वस्तू, असा त्याचा पक्का समज.

मी म्हणालो, "सर, मोठ्या मुलांना वेगळी वीस मिनिटं द्या. जेवणानंतर. फक्त तीच आत, पालक बाहेर."

"मोठ्या मुलांना कसली जादू? ती जेवायला येतात."

"म्हणून तर मागतोय."

"देतो. पण मी सांगतो तसं करा. त्यातल्या दोघातिघांना वर घ्या, जरा त्यांची गंमत करा. बाकीचे बसून राहतात. आणि पोरं उठून गेली, तर पुढच्या वर्षी ती वेळ अंताक्षरीला. खलास."

"वर कोणाला घेणार नाही."

"मग जादू कशी होणार?" सेक्रेटरी हसले. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

त्या आठवड्यात मी पेटी उघडली आणि एकेक वस्तू काढून टाकत गेलो. रुमाल, फुलांचा गुच्छ, जादूची कांडी, स्पंजचे ससे. ज्या खेळात जादूगार विचारतो "पान कुठे आहे?" आणि मुलं ओरडून चुकीचं उत्तर देतात, ते सगळे खेळ बाहेर. या वयाच्या मुलाला मूर्ख ठरवलेलं चालत नाही. घरी आई त्याला काही येत नाही म्हणते, शाळेत सर म्हणतात, आता स्टेजवरून आणखी एक माणूस तेच करून दाखवणार. कशाला बसेल तो? आणि मोठी माणसं वर तोंड करून म्हणतात, हल्लीच्या मुलांना मोबाईलशिवाय काही आवडत नाही. तुम्ही त्यांना दुसरं दिलंत काय?

शेवटी एक जुना खेळ उरला. एका माणसाला खुर्चीत बसवायचं, प्रेक्षकांना त्याची एक बाजू दिसेल असं. टिश्यू पेपरचा गोळा करून त्याच्या नाकासमोर मुठीत घ्यायचा. त्याचं लक्ष मुठीकडे असताना गोळा हलकेच त्याच्या डोक्यावरून मागे फेकायचा. मूठ उघडली की रिकामी. हॉलमधल्या सगळ्यांना गोळा उडताना दिसतो. खुर्चीतल्याला दिसत नाही. म्हणजे गुपित प्रेक्षकांकडे. कोणी उठून "मला कळलं" म्हणायचं कारणच उरत नाही, कारण ते सगळ्यांनाच कळलेलं असतं.

बायको शिफ्टवरून आली की तिला खुर्चीत बसवायचो. तिसऱ्या गोळ्याला ती झोपून जायची. मुलगी सोफ्यावर फोन घेऊन पडलेली असायची. बघत नाही असं दाखवायची आणि सगळं बघायची.

एकदा म्हणाली, "तो आवाज काढू नको."

"कुठला आवाज?"

"मॅजिशियनवाला. यू साउंड लाइक एअरपोर्ट अनाउन्समेंट."

मी साध्या आवाजात बोलायला लागलो. मग तिने इंग्रजी काढायला लावलं. मी मुलांसाठी म्हणून मुद्दाम इंग्रजीत विनोद बसवले होते. ती म्हणाली, "बाबा, आम्हाला मराठी कळतं. तुझं इंग्लिश ऐकून सगळे आधी अ‍ॅक्सेंटवर हसतील." राग आला. पदवीच्या तीन वर्षांत मी ते इंग्रजी घासूनपुसून मिळवलं होतं. पण तिचं खरं होतं. मराठी केलं.

आणि एक दिवस मी खुर्चीतल्या बायकोच्या मागे गोळा टाकला आणि सवयीने सोफ्याकडे बघून डोळा मारला. मुलगी उठून बसली.

"हे नाही. डोळा मारलास की इट्स मीन. मग आम्ही सगळे मिळून आईला हसतो. तू नुसता सिरीयस राहा. आम्हाला हसायचं तर आम्ही हसू."

मी बीएस्सी, इतकी वर्षं जादू करतोय, आणि ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. खुर्चीतल्या माणसाची टर उडवायची माझी सगळी वाक्यं, आणि ती चांगली जमून आली होती, मी काढून टाकली. मग उरला एकच प्रश्न. खुर्चीत कोण बसणार?

मुलगी म्हणाली, "आमच्यातलं कोणी नाही."

"कबूल."

माझा एक दोस्त आहे, पाटणकडचा, इथे डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, "बसतो की राव. व्हिडिओ कॉलवर पोरं तशीही हसतातच माझ्यावर. फुकट करमणूक." तो माहीत असून बसणार होता, स्वतःहून. मला तेवढंच हवं होतं.

संक्रांतीच्या शुक्रवारी जेवणं उरकली आणि मोठी मुलं हॉलमध्ये आली, म्हणजे आणली गेली. मी स्टेजवर खुर्ची मुलांकडे बाजू करून मांडली आणि फोन वाजला. पाटणकडचा दोस्त. "राव, अरबाबचा फोन आला. मुहर्रकला सामान सोडायचंय, आत्ताच्या आत्ता. मफी छुट्टी, सुट्टी नाहीच म्हणतो. माफ कर."

त्याच्या मालकाला शिव्या घालून काही होणार नव्हतं. समोर मुलं बसली होती आणि खुर्ची रिकामी होती. शिवाय पालक बाहेर राहायचं कबूल करून दोन्ही दारांतून आत आले होते आणि मागे भिंतीला लागून उभे होते. एक बाई म्हणाल्या, "आमच्याला घ्या हो वर, तो खूप हुशार आहे." त्यांचा मुलगा खुर्चीत खाली खाली सरकत गेला. हे आपल्या लोकांचं मला कधी समजलं नाही. पाहुणे आले की काकांना कविता म्हणून दाखव, मंडळात गेलं की डान्स करून दाखव, आणि पोर नाही म्हणालं की लाजतोस काय. त्याला विचारायची पद्धतच नाही.

दोन मुलं उठून दाराकडे निघाली. सेक्रेटरींनी ते पाहिलं आणि दुसरा माईक उचलला.

"अहो, खुर्ची रिकामी कशाला? आपल्या जादूगारांची कन्या इथेच बसलीय. तिसऱ्या रांगेत. चल बाळा, ये वर. लाजतेस काय."

सगळ्या माना वळल्या. माझी मुलगी मैत्रिणींच्या मधोमध बसली होती. शेजारच्या मुलीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या मुलीने मान खाली घातली आणि एक हात छातीशी नेला, कुर्त्याच्या गळ्यापाशी धरला. नववीत असताना जसा मी हाताने तो खिसा झाकला होता, तसाच.

मला जो राग आला तो मी आजही शब्दांत मांडू शकत नाही. एवढंच सांगतो की माझा आवाज चढला नाही.

"ती येणार नाही," मी माईकवर म्हणालो. "आज कोणीच मूल वर येणार नाही. सर, तुम्ही या."

"मी? मी कशाला, हे मुलांसाठी आहे ना."

"मुलांसाठीच आहे. या."

दाराकडे निघालेली दोन मुलं थांबली. मागून टाळ्या सुरू झाल्या, सावकाश, एका तालात. सेक्रेटरी इकडे तिकडे बघू लागले. दारात त्यांच्या सौभाग्यवती तिळगुळाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जा की. लाजता काय एवढं."

ते आले आणि बसले. माझ्या हातात टिश्यूचा रोल होता आणि जिभेवर ती सगळी काढून टाकलेली वाक्यं परत आली होती. त्यांच्या पोटावर एक, टकलावर दोन, हिशेबावर एक. म्हटली असती तर हॉल डोक्यावर घेतला असता मुलांनी. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मुलगी वर बघत होती. मी खाली वाकलो आणि सेक्रेटरींना हळूच म्हणालो, "सर, मुलं हसतील. शेवटी दाखवतो का ते."

पहिला गोळा. मुठीत घेतला, त्यांच्या नाकासमोर आणला, वरून मागे. मूठ उघडली. सेक्रेटरी म्हणाले, "बाही दाखवा." मी बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या. हॉलमध्ये एक मुलगी खुदकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. दुसरा गोळा पहिल्यापेक्षा मोठा केला. तो त्यांच्या खुर्चीमागे जाऊन पडला. "डाव्या हातात आहे," सेक्रेटरी म्हणाले. डावा हात उघडला. तिसरा, चौथा. मी डोळा मारला नाही, हसलो नाही, प्रेक्षकांकडे बघितलंही नाही. मुलं इतकी हसत होती की पुढच्या रांगेतल्या एकाने कानातला इअरफोन काढून खिशात टाकला. शेवटी मी उरलेला रोल तसाच दोन्ही हातांत दाबला आणि फेकला. एवढा मोठा पांढरा गोळा गृहस्थाच्या डोक्यावरून गेला आणि ते माझ्या हातांकडे बघत राहिले. कोणी उठून गेलं नाही. आणि कोणी एकानेही ओरडून सांगितलं नाही की मागे बघा. ज्यांना शिस्त नाही म्हणतात, त्यांनी गुपित शेवटपर्यंत सांभाळलं.

मी म्हणालो, "सर, आता मागे बघा."

त्यांनी वळून बघितलं. जमिनीवर ढीग पडला होता. आधी ते लाल झाले. मग हसायचा प्रयत्न केला, तो अर्धवट जमला. "हे मला आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांचा माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

मागच्या भिंतीपासून एक आवाज आला. ज्या मुलाने माझा खोटा अंगठा ओळखला होता, तोच. मराठीत म्हणाला, "आम्हाला पण कोणी आधी सांगत नाही, काका."

सेक्रेटरींनी त्या मुलाकडे बघितलं. मग वाकून त्यांनी एक गोळा उचलला, तो खिशात घातला आणि खाली उतरले. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि माझा रागही त्या दिवशी गेला नाही.

घरी येताना मुलगी पुढे बसली. बराच वेळ फोनमध्ये होती. मग म्हणाली, "त्या सगळ्या विचारतायत, तुझा बाबा अजून काय काय करतो."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मोठा रोल आयडिया माझी होती." ती तिची नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "नेक्स्ट इयर खुर्चीत मी बसेन. पण कोणी बोलावलं म्हणून नाही. मी बसेन."

या संक्रांतीला ती बसली. आठवी ते बारावीच्या मुलांची वेळ आता मंडळाच्या कार्यक्रमात कायमची वेगळी आहे, पालक बाहेर असतात, दार सेक्रेटरी स्वतः सांभाळतात, आणि कोणत्याही मुलाला त्याने स्वतःहून हो म्हटल्याशिवाय स्टेजवर घेत नाहीत. हे मी करून घेतलं.